ऊठ म्हणण्याचा मान

आमच्या गावात दर धुळवडीला एक राजा आमच्या अंगणात येऊन मातीत बसत असे. डोक्यावरचे पागोटे काढून तो समोर ठेवायचा, आणि माझ्या सासूबाई 'ऊठ' म्हणेपर्यंत त्याला उठता येत नसे. ही गोष्ट मी सांगते तेव्हा आजची शिकलेली मंडळी हसतात. हसोत बापडी. मला त्यांच्या हसण्याचा राग नाही, त्यांच्या नाटकाचा आहे, आणि डोईचे केस पांढरे झाले तरी तो निवलेला नाही.

माझे माहेर अकोल्याचे. वडील भाड्याने बैलगाड्या चालवीत. मला भाऊ नव्हता, म्हणून मुलाला शिकवायची अक्षरे त्यांनी मला शिकवली. त्याबद्दल भावकीने त्यांना नावे ठेवली, त्यांनी ती कानाआड केली. लग्न होऊन मी नांदगाव खंडेश्वराजवळच्या एका खेड्यात आले. घर साधे, काळ्या मातीचे थोडे शेत, एक बैलजोडी, आणि दारातून आत शिरताच डाव्या हाताला एक जाते. लग्नानंतरच्या पहिल्याच सकाळी सासूबाईंनी मला त्या जात्यापुढे बसवून कुंकू लावायला सांगितले. मला वाटले, घराची रीत असेल. ती गावाची रीत होती, हे मला फाल्गुनात कळले.

राजाची गोष्ट अशी. सातपुड्यातल्या एका गडावर तो राज्य करायचा. शत्रू चढून आला तर कड्यावर जाळ पेटवायचा, म्हणजे खालच्या गावांतून माणसे धावून येतील, अशी व्यवस्था होती. हे काम आमच्या घरातल्या एका माणसाकडे होते. एकदा खरोखरच शत्रू आला आणि जाळ पेटला नाही. गड कसाबसा राहिला, पण माणसे फार मेली. राजाने चौकशी न करता आमच्या माणसाचा कडेलोट केला. मग कोठीवाल्याने भीत भीत सांगितले की, जाळासाठी राखून ठेवलेले तेल राजाच्याच हुकमाने राजाच्याच लेकाच्या लग्नात दिव्यांना गेले होते. पेटवणारा पेटवणार काय? वड्याचे तेल वांग्यावर म्हणतात, इथे ते एका माणसाच्या जिवावर निघाले.

त्या माणसाची बायको तोवर गड सोडून आमच्या गावी, याच घरी, येऊन राहिली होती. राजा अनवाणी गड उतरला. अचलपुरावरून कोणत्या कोणत्या गावांतून तो चालत आला, याची गाण्यात मोठी माळ होती, आणि आपल्या गावाचे नाव आले की पाहुणे मंडळी माना डोलवत. दारी येऊन त्याने पागोटे काढले आणि तो मातीत बसला. ती बाई दळत होती. तिने वर पाहिले नाही. सगळे दळण संपवले, पीठ भरले, मग उंबऱ्यापाशी येऊन म्हणाली, "ऊठ, राजा." क्षमा केली असे ती म्हणाली नाही. 'ऊठ' एवढेच म्हणाली, आणि आमच्या घरातल्या बायका पिढ्यान् पिढ्या एवढेच म्हणत आल्या.

हे सगळे धुळवडीला व्हायचे. गावातले एक मोमीन विणकर राजाचे गाणे म्हणायचे. त्यांना सगळे चाचा म्हणत. त्यांच्या बापानेही तेच गाणे म्हटले होते. गळ्यात डफ अडकवून चाचा पुढे, मागून राजाचे सोंग घेतलेला गावचा पाटील, आणि त्याच्यामागे सगळा गाव. राजाचे सोंग पाटलानेच घ्यायचे, दुसऱ्या कोणी नाही. आत सासूबाई आणि मी जात्याशी. राजा बसला की आम्ही दळायला लागायचे, आणि दळण चालू आहे तोवर चाचांनी डफ थांबवायचा नाही. ते पीठ मग मूठ मूठ घरोघर जायचे आणि त्या दिवशीच्या भाकरीत मिसळले जायचे. मुसलमानांच्या घरी जायचे, महारवाड्यातही जायचे.

किती दळायचे हे ठरवणे सासूबाईंच्या हाती. रीतीतली खरी गंमत तिथे होती. पाटील वर्षभर नीट वागला असेल तर चार मुठी ज्वारी दळून त्या उठायच्या. एका वर्षी पाटलाने आपल्या सालदाराला चाबकाने मारले होते, तेव्हा सूपभर ज्वारी संपली तरी सासूबाईंनी मला दुसरे सूप आणायला सांगितले. बाहेर पाटील उघड्या डोक्याने उन्हात, कपाळावरून घाम गळतो आहे, आणि सगळा गाव मुकाट्याने जात्याची घरघर ऐकतो आहे. कोणी बोलायचे नाही, बोलायची गरजही नव्हती. फाल्गुन लागला की बायका पाणवठ्यावर म्हणायच्या, यंदा पाटलाचे दळण मोठे दिसते. पाटलाच्या कानावर ते बरोबर जायचे.

राजा ही अशी आठवायची गोष्ट आहे, असे मला अजून वाटते. त्याच्या तलवारीचे आणि हत्तीचे आम्हाला काय करायचे होते? तो चुकला आणि मातीत बसला, एवढे त्याचे आमच्या उपयोगाचे होते.

मग कापसाला सोन्याचे दिवस आले. कुठे तरी सातासमुद्रांपलीकडे लढाई जुंपली होती, तिकडचा कापूस बंद झाला आणि गोऱ्यांच्या गिरण्यांना वऱ्हाडाचा कापूस हवाहवासा झाला. ज्वारीच्या शेतात लोकांनी कापूस पेरला. बैलांच्या शिंगांना चांदी चढली. अमरावतीच्या बाजारात गाड्यांची अशी दाटी व्हायची की बैल सोडून माणसे दोन दोन दिवस गाडीखालीच निजत. आमच्या घरातही दोन पैसे आले, ते मी नाकारत नाही. पण पाटलाचे पुष्कळ शेत, तेव्हा त्याचे पाय जमिनीला लागेनात. अमरावतीचा एक मोठा अडत्या त्याला आपल्या गादीवर बसवून घेऊ लागला. तिथे त्याला अत्तर लावत, पान देत, राजे म्हणत. ज्याला दिवसभर लोक राजे म्हणतात, त्याला वर्षातून एकदा मातीत बसणे जड जाणारच.

त्या सुगीत अमरावतीला देशावरची एक नाटक मंडळी आली होती. अडत्याने आपल्या आवारात मांडव घातला आणि मंडळीकडून एक नवे नाटक करवून घेतले. गावात बातमी आली की नाटक आपल्याच राजाचे आहे. सगळा गाव हरखला. कापसाच्या गाड्या जायच्याच होत्या, त्यांत बायकामाणसेही बसली. अंबादेवीचे दर्शन होईल आणि नाटकही होईल. सासूबाईंनी ठेवणीतले हिरवे लुगडे नेसले. त्या म्हणाल्या, "आपल्या घराचं आहे ते. पाहाले तं जाच लागन."

दिवेलागणीला पडदा वर गेला. आम्ही बायका चिकाच्या पडद्याआड बसलो होतो. सूत्रधार आला, विदूषक आला, गणपती नाचून गेला, आणि मग राजा आला. त्याच्या डोक्यावर जरीचा मुकुट होता. आमच्या राजाला पागोटे होते, पण ते सोडा. हा राजा बोलायला लागला तो थांबेना. त्याच्या एकेका वाक्यात दया, क्षमा, धर्म, प्रजा. लग्नाचे दिवे होते, नाच होता, तेलाचे नावही नव्हते. मग आमचा माणूस आला. त्याच्या तोंडाला काजळ फासले होते. तो शत्रूकडून मोहरांची थैली घेतो, कनवटीला लावतो आणि जाळ न पेटवता घोरत पडतो. त्याची बायको म्हणजे लुगडे नेसलेला एक दाढी खरवडलेला बाप्या. ती मोहरा दाताने चावून पाहते आणि कंबर हलवत नवऱ्याला म्हणते, आणखी का नाही मागितल्या? लोक पोट धरून हसत होते. आमच्या गावचे लोकही हसत होते.

शेवटी राजाने आमच्या माणसाचा कडेलोट केला. टाळ्या पडल्या. बायको रडत राजाच्या पायांवर लोळली, तेव्हा राजाने तिला मोठ्या मनाने क्षमा केली. पुन्हा टाळ्या. पुढच्या गादीवर आमचा पाटील बसला होता, त्याला फुलांचा हार घालण्यात आला, कारण ही कथा त्याने सांगितली होती.

मी सासूबाईंकडे पाहिले. त्या ताठ बसल्या होत्या आणि लुगड्याचा पदर दोन्ही हातांनी घट्ट धरून होत्या. त्यांना मारले असते तरी माझा इतका जळफळाट झाला नसता. चोराच्या उलट्या बोंबा मी ऐकल्या होत्या, पण त्या सुरातालावर गाऊन दाखवतात हे त्या दिवशी पाहिले.

परतीच्या गाडीत बडनेरा मागे पडल्यावर सासूबाईंनी मला विचारले, "त्या बाईच्या घरी जातं काहून नाई दाखवलं?"

चाचा आमच्याच गाडीत होते. त्यांनी मान खाली घातली आणि सांगितले की, नाटकवाल्यांनी आधी त्यांनाच बोलावले होते, पाटलानेच नेले होते. त्यांनी गाणे म्हटले, चाली त्या लोकांना आवडल्या, त्या त्यांनी उतरवून घेतल्या. राजा गड उतरायला लागला तिथे पाटलाने हात वर केला आणि बस झाले म्हणाला. "मी पुढं गाऊनच राहिलो होतो, भाभी," ते सासूबाईंना म्हणाले, "पण ऐकाले कोनी नव्हतं." सासूबाई म्हणाल्या, तुमचा काही दोष नाही. मला मात्र चाचांचाही राग आला, नवऱ्याचाही आला, हसणाऱ्या प्रत्येकाचा आला.

नवऱ्याचा तर जास्तच. ते म्हणाले, नाटक आहे, नाटकात असे असायचेच, आपले काय जाते? आपला कापूस पाटलाच्या गाड्यांबरोबर जातो, उगाच वैर कशाला? मी म्हणाले, तुमच्या पूर्वजाच्या तोंडाला काजळ फासले, ते जाते. ते म्हणाले, त्याला मरून किती पिढ्या झाल्या. मग राजाला मरून किती झाल्या, असे मी विचारले. राजा मेला तरी त्याला मुकुट मिळतो, नाटक मिळते, गाणी मिळतात. आमच्या माणसाला वर्षातून एक जात्याची घरघर मिळत होती, तीही यांच्या डोळ्यांत खुपली. ते बैलांना पाणी पाजायला निघून गेले.

गाव दोन महिन्यांत बदलला. उघड कोणी बोलले नाही, पण पाणवठ्यावर मी आले की बायका बोलता बोलता थांबायच्या. एकीने मला गोड आवाजात विचारले, खरंच काय वं, मोहरा घेतल्या होत्या? जन्मभर आमच्या घरचे पीठ खाल्लेली बाई ती. एका संध्याकाळच्या नाटकाने तिचे मन फिरले. छापील किंवा रंगवलेले दिसले की माणसाला ते घरच्या गोष्टीपेक्षा खरे वाटते, यासारखे दुर्दैव नाही.

धुळवड आली. सासूबाई सकाळीच न्हाल्या, जाते पुसले, कुंकू लावले, सुपात ज्वारी घेतली. मी विचारले, तो येईल? त्या म्हणाल्या, येईल, रीत मोडायची हिंमत त्याच्यात नाही. आणि तो आला. रीत मोडायला नाही, रीत फिरवायला. डोक्यावर नाटकातला जरीचा मुकुट, हनुवटीखाली नाडीने घट्ट बांधलेला. चाचांनी गाणे म्हटले. गड उतरला, गावे आली, आमचे गाव आले, दार आले. डफ चालू राहिला. पाटील अंगणाच्या मधोमध येऊन थांबला आणि बसला नाही.

आत आम्ही दळायला लागलो होतो. दाराच्या फटीतून मला त्याचे पाय दिसत होते, जोड्यांसकट. त्याने घसा खाकरला आणि नाटकातले पाठ केलेले बोलणे सुरू केले. हे अबले, तुझ्या पतीचा अपराध मोठा असला तरी राजाचे मन त्याहून मोठे आहे. मग आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाला, "बाहेर या, बाई. पाया पडा. मी क्षमा केली."

माझा हात जात्याच्या खुंट्यावरून सुटला. मी बाहेर जाऊन काय केले असते कोण जाणे. सासूबाईंनी मनगट धरून माझा हात खुंट्यावर परत ठेवला आणि ओढायला लागल्या. आम्ही दळत राहिलो. पाटलाने पुन्हा हाक मारली, मग आणखी एकदा. मुठीमागून मूठ पडत होती, सूप संपले. मी दुसरे आणले, तेही संपले. बाहेर चाचांचा डफ चालूच होता. पाटील त्यांच्यावर ओरडला, बंद कर ते. चाचा म्हणाले, "बाई ऊठ म्हनल्याबिगर मले थांबता येत नाई, पाटील. तुमीच सांगा, रीत कोनाची हाय?" डफ थांबला नाही.

घरातली ज्वारी संपली. मी सासूबाईंकडे पाहिले. रिकामे जाते फिरवू नये, घराला बरे नसते, हे पोरीबाळींनाही ठाऊक असते. सासूबाई म्हणाल्या, "फिरव." आम्ही रिकामे जाते फिरवले. दगडावर दगड घासल्याचा तो आवाज मी जन्मात विसरणार नाही. बाहेर कुजबुज होती ती गप्प झाली, कारण तो आवाज काय आहे ते अंगणातल्या प्रत्येक बाईला कळले. ऊन चढले होते. फटीतून मला दिसले, पाटलाचे जोडे एकदा मागे सरले, एकदा पुढे आले. त्याने एकदा हात वर नेला, मला वाटले आता मुकुट उतरवतो. पण त्याने नाडी आणखी घट्ट केली आणि तो वळून चालता झाला. त्याच्यामागे गाव गेला, कोणी रेंगाळत, कोणी झपाझप. चाचा तेवढे राहिले. उघड्या अंगणात ते एकटे डफ वाजवत होते.

सासूबाई उंबऱ्यापाशी आल्या. समोर माती, मातीत जोड्यांचे ठसे. त्यांनी ते पाहिले आणि 'ऊठ' म्हटले नाही. बसलाच नाही त्याला ऊठ कसे म्हणायचे? त्यांनी चाचांना हाताने थांबा म्हटले, तेव्हा डफ थांबला. त्या वर्षी पीठ कोणाच्याच घरी गेले नाही. टोपलीभर पीठ आम्ही गुराढोरांना घातले, आणि ते घालताना सासूबाई पहिल्यांदा रडल्या.

पुढच्या धुळवडीपर्यंत त्या राहिल्या नाहीत. जाण्याआधी त्यांनी मला जात्यापुढे बसवले आणि म्हणाल्या, आता मान तुझा, पण तो फुकट खर्चू नको. पाटलाने नंतर देवळापुढे मांडव घालून नाटकच करायला सुरुवात केली. लढाई मिटली, कापूस पडला, बैलांच्या शिंगांची चांदी उतरली, पण नाटक काही उतरले नाही. पुढे ते छापले गेले. आमच्या माणसाची थैली आणि त्याच्या बायकोचे कंबर हलवणे आता शाईत आहे. चाचा गेले, गाणेही गेले. मी मात्र दर धुळवडीला दार लावून एकटी चार मुठी दळते आणि उंबऱ्यापर्यंत येऊन गप्प राहते. राजा अजून कुठे तरी उभाच आहे, असे मी मनाशी म्हणते.

यंदा धुळवडीच्या दिवशी मी जात्याला कुंकू लावत असताना अंगणात एक तरुण उभा राहिला. त्या पाटलाचा नातू, अमरावतीला वकिलीचे शिकतो. मुलगा वाईट नाही. त्याने नमस्कार केला आणि सांगितले की यंदा देवळापुढे नाटकात तो स्वतः राजा होणार आहे; म्हणाला, आजी, तुम्ही पुढे बसून पाहायला या. आपण कोणाच्या दारी हे बोलतो आहोत, याची त्याला कल्पनाही नव्हती. इतकी वर्षे साठलेला राग माझ्या तोंडाशी आला होता. मी तो गिळला.

"टोपी काढ," मी म्हणाले. "आनं खाली बस."

म्हातारीला आशीर्वाद द्यायचा असेल, असे त्याला वाटले असावे. त्याने टोपी काढली आणि तो मातीत बसला. मी आत जाऊन दळायला लागले. थोड्या वेळाने शेजारची म्हातारी कुंपणाशी आली. तिने पाटलाच्या नातवाला उघड्या डोक्याने आमच्या अंगणात पाहिले, जात्याचा आवाज ऐकला, आणि भिंतीला टेकून बसली. मग आणखी एक आली, मग चाचांचा लेक आला आणि गुडघ्यावर बोटांनी ठेका धरू लागला. फटीतून मला मुलाचा चेहरा दिसत होता. भोवतीची माणसे का बसली आहेत ते त्याला कळेना, आणि मग हळूहळू काहीतरी कळू लागले. त्याचा हात टोपीकडे गेला. त्याने ती उचलली, पाहिली आणि पुन्हा मातीत ठेवली.

"आजी," त्याने बाहेरून विचारले, "उठू काय?"

सूप रिकामे होत आले होते. मी कोठीतून आणखी एक मूठ आणली आणि जात्यात घातली.